तीन पाठमोरे आणि ताई

गेल्या महिन्यात आमच्या लाँड्रीत एक काळा टी-शर्ट धुवायला आला आणि त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. टी-शर्टवर चार माणसांच्या पाठी छापलेल्या होत्या. फोटो दाणेदार, मुद्दाम खराब केल्यासारखा. डावीकडून पहिली, केस पिंजारलेली, ती माझी पाठ, वय वर्षं एकवीस. आता त्याच पाठीला दिवसभर पट्टा बांधलेला असतो, ते सोडा.

पावती करताना मी गिऱ्हाइकाला विचारलं, “हे काय आहे हो?” चांगला तिशीतला दाढीवाला माणूस. तो म्हणाला, “मावशी, तुम्हाला नाही कळायचं. जुना अंडरग्राउंड बँड आहे.” असं होय, म्हटलं, आणि पावतीवर ‘टी-शर्ट, काळा, एक’ असं लिहून मोकळी झाले. त्या बँडची बास गिटार मी वाजवलीय, तारांनी बोटं सोलून निघालीयत माझी, आणि मला नाही कळायचं म्हणे! पण बोलले नाही. बोलायला गेले असते तर सगळंच बाहेर आलं असतं.

ताईनं तो टी-शर्ट प्रेसवर घेतला. छापील बाजू आत वळवली, वर पातळ कापड टाकलं, कारण गरम प्रेस थेट छापावर बसला की रंग उचलून येतो. आपल्याच पाठीवर आपणच इस्त्री करतोय हे लक्षात आल्यावर ती इतकी हसली, इतकी हसली की स्टुलावर बसावं लागलं तिला. “अगं, मी किती बारीक होते! बघ तरी!” साठ वर्षांची बाई, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मी मात्र बटणांचा डबा उघडून उगाच बटणं निवडत बसले.

नाव होतं ‘ओली भिंत’. कोणी एवढा विचार करून ठेवलं वगैरे काही नाही. लाँड्रीच्या मागच्या खोलीत आम्ही सराव करायचो, तिथली एक भिंत बारा महिने ओली असायची, कारण पलीकडे बॉयलर होता. आज त्या मुलीनं तिच्या इंटरनेटवरच्या पानावर लिहिलंय की हे नाव म्हणजे शहरी एकाकीपणाचं रूपक आहे. अगं बाई, ओल होती. खरीखुरी. गिटारच्या पेटीला बुरशी यायची.

आता ही मुलगी कोण ते सांगते. जुन्या, विसरलेल्या बँडांचा इतिहास लिहिते ती. आमची एकुलती एक कॅसेट तिला कुठंतरी सापडली, तिनं ती लोकांना ऐकवली, लोक वेडे झाले, आणि आता एक छोटी कंपनी त्या कॅसेटची रेकॉर्ड काढणार म्हणते, मुखपृष्ठावर तोच पाठींचा फोटो घालून. रेकॉर्ड निघायच्या आधी इतिहास पुरा करायला हवा म्हणून मुलगी आमच्यापर्यंत पोचली. फोनवर मी तिला दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा फोन ताईनं उचलला आणि “ये की, कधीही ये, दुपारी गर्दी नसते” असं सांगून टाकलं.

ती येईपर्यंतचे चार दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. काउंटरवर बसवेना, उठून मागे जायचे, मागे थांबवेना. एका कोटाला दोन चिठ्ठ्या लावल्या, एका साडीला एकही नाही. ताई म्हणाली, “तुला झालंय काय? अंगात वारं शिरल्यासारखी फिरतेयस.” काही नाही, म्हटलं. पायाला मुंग्या येतात.

तर बँड. सगळं मिळून अकरा महिने, सात कार्यक्रम, एक कॅसेट. संपलं.

गाणारा होता वाघूळ. चष्म्याच्या दुकानात कामाला, लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचा. उंच, हडकुळा, डोळ्यांत ही एवढी काजळाची रेघ. आवाज असा की खालच्या पट्टीत गेला की छातीत घुमायचा. गिटारवर कंपाउंडर. तो खरोखरच एका दवाखान्यात कंपाउंडर होता, औषधाच्या पुड्या बांधता बांधता गाणी लिहायचा, आणि सगळी गाणी मरणाबद्दल. माणूस मात्र इतका भित्रा की झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायचा. मी बासवर. मी तेव्हा नुकतीच लाँड्रीत कपडे निवडायच्या कामाला लागले होते आणि सगळ्या जगावर चिडलेली होते. का म्हणून विचाराल तर सांगता यायचं नाही. एकविसाव्या वर्षी कारण लागत नाही.

ड्रमवर आधी एक जण होता, त्याची बदली झाली. दोन आठवडे आम्ही ड्रमशिवाय ठेचकाळत होतो. एकदा सुटीच्या दुपारी ताई हातात कुणाची तरी पँट घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मला वाटलं आवाजाबद्दल ओरडणार. ती म्हणाली, “तुम्ही तिघंही मधेच पळताय. आणि प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी पळतोय.” कंपाउंडर फणकाऱ्यानं म्हणाला, “मग तुम्ही या वाजवायला!” ती पँट खुंटीला अडकवून आली आणि बसली.

ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी अकराची. ताईनं कॉलेज सोडलं, प्रेसवर उभी राहिली आणि मला मोठं केलं. माझी वेणी तिनं घातली, माझ्या शाळेत तीच गेली, तापात उशाशी तीच बसली. त्या दिवसापर्यंत तिनं स्वतःसाठी काही केल्याचं मला आठवत नाही. तिनं काड्या हातात घेतल्या आणि वाजवायला लागली. शिकली कुठं? तर प्रेसवर. झाकण खाली, एका पायानं वाफ सोडायची, दुसऱ्यानं ती ओढून घ्यायची, झाकण वर. दिवसाला अडीचशे वेळा, दहा वर्षं. हात एक काम करतायत, पाय दुसरं, आणि मधे थांबायचं कधी हे अंगातच मुरलेलं. आमच्याकडे झांजा नव्हत्या, परवडत नव्हत्या, म्हणून ती फक्त ढोलांवर वाजवायची. तो जड, कोरडा ठोका, त्यालाच आता लोक ‘ओली भिंतचा आवाज’ म्हणतात. आमच्या तिघांचं त्यात काही नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

पहिला कार्यक्रम एका क्लबच्या तळघरात, संध्याकाळी. पन्नासएक माणसं असतील. तिथं वाघुळाचं धाबं दणाणलं. पहिल्या ओळीलाच तो लोकांकडे पाठ करून उभा राहिला आणि ताईकडे बघून गायला लागला, कारण त्या अख्ख्या खोलीत ज्याची त्याला भीती वाटत नव्हती असं ते एकच माणूस. आता गाणाराच पाठ फिरवून उभा म्हटल्यावर आम्ही दोघं काय लोकांकडे बघून दात काढणार? आम्हीही फिरलो. पूर्ण कार्यक्रम तसाच केला. मला वाटलं लोक शेण घालतील तोंडात. उलट टाळ्या! झेरॉक्स काढून वाटतात तसल्या एका मासिकात छापून आलं की हा बँड तुमच्याकडे बघतसुद्धा नाही, काय ती बेपर्वाई! वाघूळ ते कात्रण खिशात घेऊन फिरायचा. घाबरून फिरलेल्या माणसाची बेपर्वाई! पण आम्ही शहाण्यासारखे गप्प बसलो आणि तो आमचा नियमच करून टाकला. प्रत्येक कार्यक्रमात, पहिल्या सुरापासून शेवटापर्यंत, पाठ.

आता बघा हं गंमत. आम्ही तिघं काळे कपडे घालायचो, तेही लाँड्रीच्या पिंपात स्वतः रंगवलेले. दोन-दोन तास आरशासमोर. काजळ, पांढरी पावडर, काळी नखं. मी तर गालांची हाडं दिसावीत म्हणून खडूनं रेघा मारायचे. आणि मग जाऊन लोकांकडे पाठ करून उभी राहायचे! तो सगळा साजशृंगार बघायचं कोण, तर एकटी ताई. आणि लोकांना दिसायचं कोण? तीच. आमच्या तिघांच्या फटीतून, दिव्याखाली, समोरासमोर. कामावरून थेट आलेली, अंगावर लाँड्रीचा एप्रन, डोक्याला फडकं, बाह्या वर सारलेल्या, कपाळावर घाम. ती वाजवायला लागली की चेहऱ्यावर असं काही यायचं की मी घरात एवढी वर्षं कधी पाहिलं नव्हतं. गूढ दिसायला निघालो आम्ही, आणि आमच्या हातांनी ताईला पुढं केलं.

कार्यक्रम झाला की लोक तिच्याकडे जायचे. “तो एप्रन काय, मुद्दाम?” ती म्हणायची, “नाही हो, कपडे बदलायला वेळ झाला नाही.” यावरही लोक खूश. मी बाजूला उभी, खडूच्या रेघा घामानं गळ्यापर्यंत आलेल्या. कुणी ढुंकून बघत नव्हतं. मी जळत होते. स्पष्टच सांगते, जळत होते, जिनं मला घास भरवला तिच्यावर.

सहाव्या कार्यक्रमानंतरच्या बुधवारी एक माणूस लाँड्रीच्या काउंटरवर आला. मी ओळखलं त्याला. आमच्यासारख्या सगळ्या बँडांत तेव्हा ज्यांचं नाव होतं, गावोगाव फिरायचे, ज्यांची खरीखुरी रेकॉर्ड निघाली होती, त्यांचा गाणारा. मला वाटलं, आलं आपलं नशीब. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, ड्रम वाजवणारी बाई इथंच काम करते ना? त्यांचा ड्रमर गेला होता. पुढच्या महिन्यात दौरा, दोन महिन्यांचा, आणि मग रेकॉर्डिंग. ताई त्याला हवी होती. एकटी ताई. तिच्याबद्दल तो जे बोलला ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ताई पंधरा पावलांवर होती. पडद्यामागे, प्रेसवर, वाफेच्या फुसकाऱ्यात. तिला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. मला फक्त “ताई गं!” अशी हाक मारायची होती. मी म्हटलं, “ती आज आली नाही.”

“बरं,” तो म्हणाला, “मग शनिवारी तुमच्या कार्यक्रमाला येतो. आमच्या गिटारवाल्यानं तिला अजून पाहिलेलं नाही, त्याला घेऊन येतो. त्यानं पाहिलं की झालं. मग तिच्याशी बोलतो.” जाताना म्हणाला, “तिला सांगून ठेवा.” हो, म्हटलं.

नाही सांगितलं. बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवारी ताई मला म्हणाली, “जेवत का नाहीयेस? पोट बिघडलंय?” ती गेली तर बँड गेला, हे होतंच. पण त्याहून मोठं दुसरं. ती गेली तर घरात मी एकटी. ती मला सोडून जाऊ शकते हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. भिंत जागेवरून उठून चालायला लागावी तसं वाटलं मला ते. मोठ्या बहिणीला पण कुठं जायचं असेल, काही व्हायचं असेल, हा विचार मी एकवीस वर्षांत एकदाही केला नव्हता.

शनिवारी हॉलवर सामान लावत असताना मी म्हटलं, “माझ्या डोक्यात एक कल्पना आलीय. आपण तिघंच का? चौघांनीही पाठ करू. ड्रमसुद्धा भिंतीकडे तोंड करून लावू. लोकांना एकही चेहरा दिसता कामा नये.”

वाघूळ हरखला. कंपाउंडर म्हणाला, “भन्नाट!” दोघं मूर्ख. ताईनं मात्र काडी हातात फिरवत विचार केला. “मग मी तुम्हाला दिसणार नाही,” ती म्हणाली. “माझे हात दिसणार नाहीत. दुसऱ्या गाण्यात आपण थांबतो, तिथं कसं कराल?”

“मोजू की,” मी म्हटलं.

“तुम्ही मोजत नाही. तुम्ही माझ्या हाताकडे बघता.”

तिला बरोबर माहीत होतं. मी हट्टाला पेटले. लहानपणी रुसायचे तशी रुसले, बासची पट्टी काढून खाली ठेवली. ताईनं माझ्याकडे पाहिलं. “तुला हवंय ना?” ती म्हणाली. “मग झालं तर.” आणि स्वतः उठून तिनं ढोल एकेक करून भिंतीकडे फिरवले. मी मदतसुद्धा केली. एका बाजूनं तिनं धरला, एका बाजूनं मी.

पहिलं गाणं कसंबसं निभावलं. दुसऱ्यात तो थांबा आला. सगळं एकदम बंद व्हायचं, चार ठोक्यांची शांतता, मग ताईची काडी वर जायची आणि खाली येताना आम्ही सगळे एकत्र पडायचो. ती आमची खासियत. त्या दिवशी काडी तिच्या अंगाआड गेली, कुणाला दिसलीच नाही, समोर नुसती ताईची पाठ. मी तीनवर सुरू केलं, कंपाउंडरनं पाचवर, वाघूळ थांबूनच राहिला. हॉलही घुमणारा होता. ताई आम्हाला गोळा करायला बघत होती, कधी माझ्यामागे धावत होती, कधी कंपाउंडरच्या, आणि जितकी धावत होती तितका तिचा ठोका विस्कटत होता. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. तेव्हाच कुणीतरी फोटो काढला. आज लोक छातीवर घेऊन फिरतात तो.

मी नियम मोडून मान वळवली. बुधवारी आलेला तो माणूस मागे खांबापाशी उभा होता, शेजारी दुसरा, गिटारवाला असणार. दुसऱ्यानं नाही म्हणून मान हलवली. तो काहीतरी म्हणाला, हातानं वाजवल्यासारखं दाखवलं, पुन्हा काहीतरी म्हणाला. तिसऱ्या गाण्यात दोघं निघून गेले. मला हायसं वाटलं. आजही आठवतं, इतकं हायसं वाटलं की पुढचं गाणं मी बरोबर वाजवलं.

सामान आवरताना ताई म्हणाली, “आज मी माती केली.” दोघं वायरी गुंडाळत राहिले. मीही. पंधरा दिवसांनी वाघूळ सोडून गेला, त्याला नोकरी बदलायची होती म्हणे. कंपाउंडरची गाणी त्याच्या वहीतच राहिली. ताईनं ढोल एका शाळेला देऊन टाकले. मी म्हटलं, “ठेव की, कधी वाजवशील.” ती म्हणाली, “ज्याचा ठोका एकदा घसरला त्याच्यावर कुणी भरवसा ठेवू नये. मीच माझ्यावर ठेवत नाही.” आणि प्रेसवर गेली. मग आम्ही दोघींनी पुढची एकतीस वर्षं याच लाँड्रीत काढली. तिनं लग्न केलं नाही, मी करून मोडलं, मालक गेले, आता दुकान आम्हीच बघतो. घर एकच. मला जे हवं होतं ते मिळालं.

तर परवा दुपारी ती मुलगी आली. लहान चणीची, चुणचुणीत, मावशी-मावशी करत. फोन काउंटरवर ठेवून तिनं आवाज टिपायला लावला. ताईनं प्रेस चालूच ठेवला होता, एकीकडे शर्ट, एकीकडे गप्पा. वाघुळाच्या भीतीची गोष्ट सांगितली, खडूच्या रेघांची सांगितली. मुलगी हसून हसून बेजार. मी हँगर मोजत होते. एकदा मोजले, पुन्हा मोजले.

मग मुलीनं पिशवीतून तो फोटो काढला. मोठा केलेला. “मावशी, मला सगळ्यात जास्त हे विचारायचंय. शेवटच्या कार्यक्रमात चौघांनीही पाठ फिरवली. लोक म्हणतात, एवढा संपूर्ण नकार दुसऱ्या कुठल्या बँडनं दिला नाही. ही कल्पना कुणाची?”

“हिची!” ताई लगेच म्हणाली. माझ्याकडे बोट दाखवून, तोंडभर हसून. “आमच्यात डोकं हिचंच. मला तर आधी कळलंच नव्हतं. कल्पना चांगलीच होती गं, मला पेलली नाही. चूक माझी झाली. तेही लिही हवं तर. लोकांनी उगाच बाकीच्यांना नावं नकोत ठेवायला.”

हातातले हँगर मी खाली ठेवले. ठेवले म्हणजे पडलेच.

“ताई,” मी म्हटलं, “ती कल्पना नव्हती.”

“म्हणजे?”

आणि मी सांगितलं. बुधवार, काउंटर, तो माणूस, त्याचा दौरा, तिच्याबद्दल तो काहीतरी बोलला ते, पडदा, ‘ती आज आली नाही.’ शनिवारी तो कुणाला बघायला येणार होता आणि मी ढोल का फिरवले. थांबता येईना मला, भरभरा बोलत गेले, मधे श्वास घ्यायला थांबले असते तर गप्पच झाले असते. मुलीनं फोन बंद करायला हात पुढे केला. ताई म्हणाली, “राहू दे चालू.”

प्रेसचं झाकण तिनं वर केलं. आतला शर्ट तसाच. मला वाटलं आता ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“काय म्हणाला तो?” तिनं विचारलं.

“म्हणाला, पुढच्या महिन्यात दौरा…”

“ते नाही. माझ्याबद्दल काय म्हणाला? तू म्हणालीस ना, काहीतरी बोलला म्हणून. शब्दन्‌शब्द सांग.”

मला ते शब्द एकतीस वर्षं पाठ होते. “म्हणाला, ‘मी दहा वर्षं गातोय. दर गाण्यात मला मागे वळून बघावं लागतं, ड्रमर कुठं पोचलाय म्हणून. त्या बाईंच्या पुढे उभा राहिलो तर बघावं लागणार नाही. असं वाजवणारं माणूस मी दुसरं ऐकलेलं नाही.’”

ताई स्टुलावर बसली. “असं म्हणाला?”

“असंच.”

“परत सांग.”

मी परत सांगितलं.

ती आपल्या हातांकडे बघत होती. प्रेसच्या वाफेनं पांढरट पडलेले, सांध्यांना सुजलेले हात. “एकोणतीस वर्षांची होते मी,” ती म्हणाली. “रोज इथं उभी राहून पाय मारायचे आणि मोजायचे. कुठं चुकलं माझं. तिसऱ्यावर चुकलं की पाचव्यावर. रोज गं. आत्ता सकाळीसुद्धा मोजलंय मी.”

“ताई, मला माफ…”

“तू थांब. मधे बोलू नकोस.” हे तिनं शांतपणे म्हटलं, आणि माझ्याकडे न बघता. मग ती मुलीकडे वळली. “लिहून घेशील ना? आधी तो काय म्हणाला ते लिही. सगळ्यात वर. हिनं काय केलं ते नंतर, खाली.”

मुलीचे डोळे भरले होते. तिनं वही उघडली. “पुन्हा एकदा सांगाल का, मावशी? जरा सावकाश?”

ताई म्हणाली, “सांग तिला.”

मी तिसऱ्यांदा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, मुलीचा हात पोचेल तसा. ताई समोरच्या शर्टाकडे बघत बसली होती. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही, पण तिचे ओठ हलत होते. माझ्यामागून ती एकेक शब्द म्हणत होती.